दोन ट्रक मिठाचा समुद्र

१

उमाशंकर यांच्या गळाला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी काहीतरी जड लागलं.

उमाशंकर यांचं नांदेडात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मासे धरायला ते आजवर तीनदा आले होते आणि त्यात एकदा स्वतःची पँट धरली होती. त्यामुळे काठी वाकली तसे ते धक्क्यावर उभे राहून ओरडले, "बबिताबाई! जिताडा! मोबाईल आणा!"

दोरा ढिला सोडायचा नाही, हे कप्तानानं त्यांना शिकवलं होतं. वीस मिनिटं त्यांनी सोडला नाही. पाण्यातून आधी एक हात वर आला. त्या हाताला दोन बोटं कमी होती. हाच हात दर वेळी त्यांच्या अंगावर लाईफ जॅकेटचे पट्टे आवळायचा, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. मागून कप्तान सटवाजी इगवे आले. गळा एका बाजूनं उसवलेला, कमरेला होडीच्या नांगराची साखळी.

बबिता मोबाईल घेऊन धावत आली आणि नवरा ओळखू येण्याआधी तिनं फोटो काढला. फोटोत उमाशंकर हसताहेत.

हे रेणापूरपासून चार किलोमीटरवर घडलं. तिथून समुद्र साधारण साडेतीनशे किलोमीटर. सटवाजीला हे अंतर मान्य नव्हतं. अठराव्या वर्षी तो घरातून पळाला, एसटी बदलत बदलत मालवणला पोचला आणि पहिल्यांदा समुद्र पाहून त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं, दरवाजे कुठल्या अंगाला आहेत? पुढची बावीस वर्षं त्यानं त्या धरणावर काढली. आधी खलाशी, मग पर्यटकांना मासेमारीला नेणाऱ्या होडीचा कप्तान. दोन बोटं एका सुरमईनं नेली. चार वर्षांपूर्वी तो मालवणची बायको आणि अठरा फुटी होडी घेऊन परत आला, वाटणीच्या दोन एकरांत शेततळं खोदलं, प्लास्टिकचं अस्तर अंथरलं, दोन ट्रक खडेमीठ ओतलं आणि त्यात जिताडे सोडले. लातूर, उदगीर, नांदेडहून गिऱ्हाइकं येत. कप्तान त्यांना तळ्यात दोन तास गोल फिरवी. होडी अशी हलवी, की ओकारी आली नाही तर पुढची फेरी फुकट. चार वर्षांत कुणालाही फुकट फेरी मिळाली नव्हती.

साखळीसकट कप्तान धक्क्यावर ठेवला गेला. मग कुणीतरी बबिताच्या झोपडीच्या दाराकडं बोट दाखवलं. तिथं मोठे मासे वर ओढायची आकडी पडली होती. बांबूला लाल, लोखंडाला लाल.

२

फौजदार तनुजा केंद्रे पोचल्या तेव्हा जाळी फाडून झाली होती, होडीला दगड मारून झाले होते आणि बबिताचा डावा हात कोपराजवळ मोडून झाला होता. ती जीपच्या चाकाला टेकून बसली होती. भोवती साठेक माणसं. सगळ्यांची पोटं भरलेली.

त्याचं कारण येळवस. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडं गावात कुत्रं सापडत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव म्हणून पाच दगड पुजायचे, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली पांढरी आंबील खायची आणि बांधावरून जाणाऱ्याला ओढून बसवायचं. तनुजाबाई उमरीच्या. त्यांच्या घरी हे नव्हतं.

"म्हंजे तुमी येळवशीची भज्जी खाल्लीच न्हाई?" हवालदार पिराजींनी विचारलं. खून झालाय यापेक्षा त्यांना ह्याचा धक्का मोठा होता.

"पिराजी, हात कुणी मोडला?"

"मी," गर्दीतून एक जण पुढं आला. पश्चिमेच्या बांधापलीकडचा शेतकरी मन्मथ. "आन दुसराबी मोडतो. बाईला आमच्या ताब्यात द्या मॅडम."

"ताब्यात घेऊन काय करणार?"

मन्मथनं विचार केला नव्हता. गर्दीनं केला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "सांजच्याला हेंडगे पेटतेतच."

"हेंडगा म्हणजे?"

"मशाल वो," पिराजी हळूच म्हणाले. "गवताची मोळी पेटवून पिकाभोवती पळायचं. समद्याच रानात. मॅडम, तवा साठाचे सहाशे व्हतेन. आपल्याकडं एक जीप हाय, आन तिचा सेल्फ लागत न्हाई."

सूर्य मावळायला साडेतीन तास होते. तनुजाबाई बबिताशेजारी खाली बसल्या.

"आकडी तुझी?"

"माझी."

"तू मारलंस?"

"नाय."

"भांडण?"

"रोजचा." तिनं मोडका हात मांडीवर नीट ठेवला, जणू तो दुसऱ्याचा आहे. "मी पाठीमागे मासे साफ करी होतंय. रेडिओ मोठो लावलेलो. साडेअकराक तो पश्चिमेच्या बांधार होतो, तेवढाच बघितलंय. मगे हो भांडेवालो इलो."

"तुझ्याकडं मारायचं कारण काय, असं हे लोक विचारतील."

"कारण आसा," बबिता म्हणाली. "माझो भाव तेच्या होडीवर होतो. वादळात सहा गिऱ्हाइकां परत आणल्यान. माझ्या भावाक नाय."

पिराजींनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

३

"ह्ये बगा मॅडम," पिराजी बाजूला येऊन म्हणाले, "बाईनं सोताच फास इणून दिला."

"खोटं बोलणारी बाई आपणहून कारण देत नाही पिराजी."

त्या मन्मथकडं गेल्या. मन्मथचा हरभरा तळ्याला लागून होता. दोन वर्षांपूर्वी अस्तर फाटलं, खारं पाणी झिरपलं आणि पिकाच्या चार ओळींवर मिठाची पांढरी साय धरली. तेव्हा मन्मथनं कप्तानाच्या पाठीत फावडं घातलं. कप्तानानं वल्ह्यानं मन्मथचं गळ्याचं हाड मोडलं. दोघं एकाच दवाखान्यात, शेजारच्या खाटांवर होते. त्यानंतर दोघांचं बोलणं सुधारलं होतं, म्हणजे भेटल्यावर शिव्या देण्याइतपत.

"तू म्हणाला होतास, तुला तुझ्याच मिठात मुरवीन."

"म्हनलो व्हतो. दर अमावस्येला म्हनतो."

"आज अकरा ते एक कुठं होतास?"

"बालाजीच्या कोपीत. चार उंडे खाल्ले. इचारा."

"मधे उठलास?"

"मॅडम, चार उंडे खाल्ल्यावर मानूस उठत न्हाई. त्याला उठवतेत."

मग उमाशंकर. ते अजून लाईफ जॅकेट घालून बसले होते. काढायला सांगितलं तर पट्टे आणखी आवळायचे.

"तुम्ही किती वाजता आलात?"

"पावणेएकला. कप्तान दिसेनात. म्हटलं गळ टाकून बसू. मॅडम, एक विचारू? मी ओढलं नसतं तर ते खालीच राहिले असते ना?"

"हो."

"मग हिचा हात मोडला नसता."

उमाशंकर पहिल्यांदाच काहीतरी धरण्यात यशस्वी झाले होते आणि त्यांना ते सोसत नव्हतं.

पूर्वेकडून एक माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत आला आणि फौजदारांच्या पायाशी कोसळला. कप्तानाचा धाकटा भाऊ बालाजी.

"मॅडम," तो म्हणाला, "तिला माझ्या डोळ्यांपुढं जाळा."

४

बालाजीच्या कोपीपर्यंत जायला दोघा भावांच्या रानांमधला बांध ओलांडावा लागायचा. चार एकरांचे मधोमध दोन भाग करणारा हा बांध, इकडं याला धुरा म्हणतात. पूर्वेला बालाजीचा शाळू, पश्चिमेला कप्तानाचं पडीक आणि पल्याड तळं.

"जपून मॅडम," पिराजी म्हणाले. "मागल्या येळवशीला मी ह्याच धुऱ्यावर आंबलीवरून घसरलो. माकडहाडाचा फोटो काढावा लागला. बालाजीच्यात जेवायला चाललो व्हतो, पोचलो सरकारी दवाखान्यात."

धुरा खणखणीत कोरडा होता. तनुजाबाई त्यावरून सरळ चालत गेल्या.

कोपीत बालाजीची बायको उज्वला बसली होती. तिनं फौजदारांपुढं आधी ताट ठेवलं, मग हुंदका दिला. ताट परत करता येत नाही, हे पिराजींनी डोळ्यांनी सांगितलं. तनुजाबाईंनी भज्जीचा घास घेतला. चौकशी करताना इतकं चांगलं त्या कधी जेवल्या नव्हत्या आणि ह्याचा त्यांना राग आला.

"चाळीस मानूस जेवलं," बालाजी म्हणाला. "दादाची वाट बघून राहिलो व्हतो. दादा म्हंजे माझा बाप व्हता मॅडम."

"तुम्ही इथून हललाच नाहीत?"

"बाराला तेवढी आंबील शिंपाया उठलो."

"ते काय असतं?"

उज्वलाचा हुंदका थांबला. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "रानाला जेवू घालायचं मॅडम. ज्याचं रान त्यानं. मडकं घ्यायचं आन चारी धुऱ्यांवरून शिंपत फिरायचं, ओलगे ओलगे सालम पलगे म्हनत. वर्साची येळवस हाय, रान उपाशी कसं ठेवावं?"

"आवाज समद्यांनी आयकला," बालाजी म्हणाला. "माझ्या दोन एकराला फेरा घातला, परत येऊन वाढाया लागलो. दादाच्या अंगाला पाऊल टाकलं न्हाई. त्याला आंबलीची चीड व्हती. मासे मरतेत म्हनायचा."

"मग त्याचं रान उपाशी?"

"चार वर्सं," तो म्हणाला.

परत येताना तनुजाबाई तळ्याला वळसा घालून पश्चिमेच्या बांधावर गेल्या. बबिताला नवरा शेवटचा दिसला तो तिथं. वाळल्या गवतात ताटाएवढा काळपट डाग होता. त्यावर मुंग्या.

"रगताला मुंग्या लागत्यात का हो?" पिराजी वाकले.

तनुजाबाई गुडघ्यावर बसल्या. मुंग्या रक्ताला तोंड लावत नव्हत्या. वाळत आलेल्या रक्तावर पांढरे शिंतोडे होते आणि मुंग्या तेवढेच उचलून नेत होत्या. पिराजींनी एक शिंतोडा बोटावर घेतला, वास घेतला आणि सवयीनं चाटला.

"आंबील," ते म्हणाले. मग आपण काय चाटलं हे लक्षात येऊन बांधापलीकडं जाऊन ओकले.

५

"बांध मन्मथचा अन् कप्तानाचा सामायिक," तोंड पुसत पिराजी म्हणाले. "म्हंजे मन्मथनं मारलं, आन मग आपल्या धुऱ्याला शिंपलं. घालू का बेड्या?"

"थांबा. मुंग्या कुठं जातात बघू."

पुढच्या शिंतोड्यावर मुंग्या होत्या. त्याच्या पुढच्यावरही. दर चार पावलांवर एक काळा ठिपका हलत होता. फौजदार आणि हवालदार मान खाली घालून मुंग्यांच्या मागं चालू लागले. दूर उभ्या गर्दीला वाटलं, पोलिसांचं काहीतरी पडलंय.

बांध संपला. इथून डावीकडं मन्मथचं रान, उजवीकडं कप्तानाचं. मन्मथनं आपल्या चारी धुऱ्यांना शिंपलं असेल तर रांग डावीकडं वळायला हवी.

ती उजवीकडं वळली.

कप्तानाच्या उत्तरेच्या कडेनं गेली. मधल्या धुऱ्याचं टोक आलं तिथं तनुजाबाई थांबल्या. धुऱ्यावर एकही मुंगी नव्हती. रांग न वळता तशीच पुढं बालाजीच्या उत्तर बांधावर गेली, पूर्वेला फिरली, दक्षिणेनं परत आली आणि तळ्याला पोचली. एकच फेरा. चार एकरांचा.

तनुजाबाईंनी घड्याळ पाहिलं. साडेपाच. आसपासच्या रानांत धूर उठू लागला होता. पहिला हेंडगा पेटला, मग दुसरा, मग मोजता येईनात. आणि ते पिकांभोवती पळायचे सोडून तळ्याकडं येत होते.

६

जीप सुरू झाली नाही. बबिताला तळ्याच्या काठावर पाठीशी घालून तनुजाबाई उभ्या राहिल्या. पुढं मशालींचं अर्धवर्तुळ. एका हेंडग्यानं होडीची ताडपत्री पेटली होती आणि उमाशंकर लाईफ जॅकेटनं ती विझवत होते.

"बालाजी," तनुजाबाई ओरडल्या, "आंबील किती एकराला शिंपलीत?"

"दोन."

"दोन एकराला किती धुरे?"

"चार."

"मग भावाभावांमधला धुरा कोरडा कसा?"

मशाली थोड्या खाली आल्या. हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाला कळला. खुनाचं कुणालाच नीट कळत नव्हतं, धुऱ्याचं सगळ्यांना कळत होतं.

"मागच्या वर्षी तिथं आंबील होती. हे हवालदार साक्षीला आहेत. त्यांच्या माकडहाडाचा फोटोही आहे. आज नाही. आज फेरा दोन्ही रानांना मिळून पडलाय. ज्याचं रान त्यानंच शिंपायचं ना? मग आज दुपारी बारा वाजता चार एकर कुणाचे झाले?"

बालाजीचे ओठ हलले. "भावाच्या रानाला शिंपलं तर गुन्हा झाला का? मायेपोटी शिंपलं."

"मघाशी म्हणालात, तिकडं पाऊल टाकलं नाही."

"इसरलो."

"पश्चिमेच्या बांधावर भावाचं रक्त सांडलेलं होतं. त्याच्यावर शिंतोडे आहेत. रक्त आधी, आंबील नंतर. तुम्हाला ते दिसलं नाही? दिसलं, आणि तुम्ही शिंपत पुढं गेलात?"

"मुंग्यांची साक्ष घेता व्हय!" बालाजी गर्दीकडं वळला. "ही बाई उमरीची! हिला येळवस म्हाईत न्हाई! आन त्या बाईच्या दारात आकडी सापडली, ती कुनी बघायची न्हाई?"

गर्दी डुलली. आकडी सोपी होती, मुंग्या अवघड होत्या. मशाली परत वर गेल्या. एक दगड आला आणि पिराजींच्या कपाळावर फुटला. पिराजी खाली बसले.

मागं पाण्याचा आवाज झाला. बबिता तळ्याच्या उतारावर कंबरभर पाण्यात उतरली होती. उजव्या हातात मासे साफ करायची सुरी होती. ती तिनं पाण्याखाली अस्तराला लावली आणि दाबली. टच्च असा बारीक आवाज आला.

"सुरी बोटभर आत गेली," ती शांतपणे म्हणाली. "हात ओढलंय काय सगळा पाणी रानात. दोन ट्रक मीठ. बोला, कोण पेटवता माका?"

साठ माणसं होती, आता दोनशे झाली होती. मन्मथच्या हातातला हेंडगा त्याच्याच पायावर पडला आणि तो तसाच उभा राहिला.

मग बालाजी किंचाळला. भावाच्या प्रेतापुढं तो रडला होता, पण असा नाही. हा आवाज पोटातून आला.

"वैनी! रान नको! माझं रान हाय ते! बावीस वर्सं नांगरलंय म्या! ह्यो समुद्रावर मज्जा मारत व्हता, म्या दगडं येचली! आला आन मीठ घातलं! तरी बोललो न्हाई! आज जेवाया बोलवाया गेलो तर हसतो, म्हनतो, बाल्या, तुझे दोन एकरबी दे, समुद्र लहान पडून राहिला. हसत म्हनला वो! आकडी हातालाच व्हती!" तो गुडघ्यावर आला. "मारलं म्या. साखळी बांधून तळ्यात ढकललं, आकडी तुझ्या दारात टाकली. मला न्या, काय बी करा. सुरी काढ वैनी. रानानं काय केलंय?"

उज्वला गर्दीत उभी होती. ती पाठ फिरवून कोपीकडं चालू लागली.

पिराजींनी एका हातानं कपाळ दाबून दुसऱ्या हातानं बेड्या घातल्या. बालाजीनं मनगटं आपणहून पुढं केली. नजर सुरीवरून हलली नाही.

बबिता त्याच्याकडं बघत होती. "गिऱ्हाइकांका पण तो तसाच सांगी," ती म्हणाली. "होडी बरोब्बर माशांवर नेऊन उभी करी आणि म्हणी, आज मासो नाय, चला परत. त्यांची तोंडां पडली काय मगे गळ टाकूक सांगी. त्येका तेच्यात मजा वाटायची. आज तुझ्या कोपीत जेवून सगळा रान तुझ्या नावावर करतंय म्हणान सांगूचा होता तेका. फुडच्या आठवड्यात आमी मालवणाक जाणार होतंव. तू जेवूक बोलावलंस, आणि तो होडी माशांवर नेऊन उभी करी होतो."

बालाजीला ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यानं बेड्यांसकट दोन्ही हात तोंडावर आपटले, एकदा, दोनदा, दात पडेपर्यंत. पिराजींनी त्याला ओढत जीपकडं नेलं.

बबितानं सुरी बाहेर काढली. बांधाच्या बाहेरच्या अंगानं पाण्याची बारीक धार लागली आणि हरभऱ्याच्या दिशेनं निघाली.

"गेलं!" मन्मथ ओरडला. "वैनी, आता?"

"पाण्यात उतर. हात ठेव भोकार."

मन्मथ उतरला. बर्फासारखं पाणी, त्यात भाजलेला पाय. मीठ लागलं तसं त्यानं कप्तानाच्या सात पिढ्या काढल्या, पण तळवा भोकावर दाबून धरला. धार बारीक झाली, थांबली नाही.

"अजून चार जण," बबिता म्हणाली.

मशाली खाली टाकून चौघं उतरले. मग आणखी दोघं. ती काठावर उभी राहून मोडका हात छातीशी धरून सांगत होती, कुणी कुठं दाबायचं. दगड मारणारे उतारावर वाकून गळ्याइतक्या पाण्यात एका ओळीत उभे होते आणि ती सांगेल तसं सरकत होते. तनुजाबाईंनी रुमालाची झोळी करून तिच्या गळ्यात बांधली. उमाशंकर चिकटपट्टी आणि गोंदाचा डबा घेऊन झोपडीतून आले.

"वैनी," हनुवटीपर्यंत बुडालेल्या मन्मथनं कुडकुडत विचारलं, "काढू का आता हात?"

बबितानं गोंदाचा डबा उघडला, आत पाहिलं आणि ढवळायला काडी मागितली.

"नाय," ती म्हणाली.